दर दहा किलोमीटरला सहाशे मीटर

१

“सदर अपघात सर्वस्वी वाहनचालकाच्या निष्काळजीपणामुळे घडला. वाहनाचे टायर (२२५/४५ आर १७, भारांक ९१) मंजूर मापाचे व सुस्थितीत होते. नोंदयंत्रानुसार अपघातसमयी वेग ताशी ८४ कि.मी. होता, सदर वळणावरील मर्यादा ८० आहे. चालकास वाहनाचा खासगी कामासाठी गैरवापर करण्याची सवय होती, असे मालकाच्या जबाबावरून दिसते. सबब वाहनातील वृद्ध महिलेच्या मृत्यूस चालक एकटाच जबाबदार आहे.”

बाईंनी हा उतारा तीनदा वाचला. तिसऱ्या वेळी हातात पेन्सिल होती, आणि पेन्सिल हातात आली की बाई कुणाच्या नसत. तंत्रशाळेत त्यांनी सव्वीस वर्षे मोजमाप हा विषय शिकवला होता; मुले त्यांना पाठीमागे ‘फूटपट्टी’ म्हणत आणि हे त्यांना ठाऊक होते.

त्यांनी पहिली रेघ ‘सर्वस्वी’खाली मारली, दुसरी ‘एकटाच’खाली. मोजणारा माणूस ‘सुमारे’ म्हणतो, ‘इतक्या फरकाने’ म्हणतो. सर्वस्वी आणि एकटाच हे शब्द ज्याने काहीच मोजलेले नसते त्याचे. तिसरी रेघ ‘सुस्थितीत’खाली. कारण त्याच अहवालाच्या परिशिष्टात, कुणाचे लक्ष जाऊ नये अशा बेताने, लिहिले होते: ‘डावा मागील टायर फुटलेला आढळला.’ सुस्थितीतला टायर ताशी चार किलोमीटरच्या जादा वेगाने फुटू लागला, तर जगातले निम्मे रस्ते बंद करावे लागतील.

समोर चालकाची मुलगी बसली होती. बाईंची जुनी विद्यार्थिनी, आता काचेच्या कारखान्यात तपासनीस. तिचे वडील रुग्णालयात होते, खुब्यात सळई आणि दाराशी पोलीस. शुक्रवारी सुनावणी होती. अहवाल टिकला तर परवाना कायमचा रद्द आणि मागोमाग तुरुंग. आज सोमवार होता.

“बाई, बाबांनी एकतीस वर्षं गाडी चालवली. कुणाच्या आरशालासुद्धा धक्का लागला नाही.”

“एकतीस वर्षं ही सवय झाली. पुरावा काय आहे?”

“पुरावे सगळे त्यांच्याकडेच आहेत की.”

“आणि बाबांकडे?”

मुलीने पिशवीतून एक जाड वही काढली, पण टेबलावर ठेवली नाही. “ही आहे. निघताना आणि पोचल्यावर गाडीचे किलोमीटर लिहायचे. आई म्हणायची, इतक्यांदा माझं नाव घेतलं असतं तर संसार सोन्याचा झाला असता.” ती हसली नाही. “ही मी कुणालाच दाखवलेली नाही.”

“का?”

“कारण मालक जे म्हणतात ना, बाई, तेच हिच्यात लिहिलंय. बाबांच्याच अक्षरात.”

२

मालकांची आत्या आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जाई. सगळे तिला आत्याबाईच म्हणत. घरापासून रुग्णालयापर्यंत रस्त्यावरच्या किलोमीटरच्या दगडांप्रमाणे बरोबर पन्नास किलोमीटर. अकरा फेब्रुवारीपर्यंत वहीत प्रत्येक खेपेला पन्नास होते. चौदा फेब्रुवारीपासून ऑक्टोबरातल्या अपघातापर्यंत प्रत्येक खेपेला त्रेपन्न.

“माझं घर त्या रस्त्यापासून दीड किलोमीटर आत आहे,” मुलगी म्हणाली. “जाऊन येऊन तीन. मालकांनी जबाबात तेच सांगितलंय. आजारी बाईला गाडीत ताटकळत ठेवून हा लेकीकडे चहा प्यायला जायचा, म्हणे.”

“जायचे?”

“माझा मुलगा झाला तेव्हाही आले नाहीत. आठवड्यातून सहा वेळा माझ्या फाट्यावरून गेले. विचारलं तर म्हणायचे, गाडी माझी नाही, पोरी.” तिने पिशवीचा बंद आवळला. “आले असते तर बरं झालं असतं. निदान आरोप तरी खरा ठरला असता.”

बाई वहीवर वाकल्या होत्या. त्या लांबच्या खेपा सोडून आखूड खेपा पाहत होत्या. ज्याला चोरी शोधायची असते तो मोठा आकडा पाहतो. ज्याला कारण शोधायचे असते त्याने लहान आकडा पाहावा. स्टेशन: पूर्वी वीस, फेब्रुवारीनंतर एकवीस पूर्णांक दोन. बँक: पूर्वी दहा, नंतर दहा पूर्णांक सहा.

“स्टेशनच्या वाटेवर तुझी आणखी एखादी बहीण राहते का?”

“मी एकटीच आहे.”

“आणि बँकेच्या वाटेवर?”

“बाई, चेष्टा नका ना करू.”

“चेष्टा नाही. दर दहा किलोमीटरला सहाशे मीटर. पन्नासाला तीन हजार, विसाला बाराशे. माणूस वाट सोडतो तेव्हा किलोमीटरने सोडतो, टक्क्याने नाही. टक्क्याने चोरी करणारे असतात, पण ते गाडी चालवत नाहीत. मागे बसतात.”

गावातले सगळे रस्ते एका दिवसात सहा टक्क्यांनी लांबत नाहीत. गाडी अंतर मोजते ते चाकाच्या फेऱ्या मोजून. रस्ता तोच आणि फेऱ्या जास्त, याचा अर्थ एकच होतो.

बाईंनी तेरा फेब्रुवारीचे पान उघडले. त्या दिवशी खेप नव्हती. एकच ओळ होती: ‘गाडी दुकानात. नवी चाके बसवली.’

३

मालकांचा पुठ्ठ्याच्या खोक्यांचा कारखाना होता आणि त्यांचे स्वतःचे बोलणेही तसेच होते: बाहेरून चौकोनी, आत पोकळ.

“या मॅडम, बसा. त्या बिचाऱ्यासाठी मलाही वाईट वाटतं. घरातल्यासारखा होता.”

“घरातल्यासारख्या माणसाविरुद्ध जबाब कसा दिलात?”

“जे खरं ते सांगितलं. वही गाडीतच असायची, मी पाहिलीय. महिनोन्‌महिने तीन किलोमीटर जास्त.”

“चाकं तुम्ही बदललीत?”

मालक खुलले. जुनी सोळा इंची चाके पत्र्याची होती, म्हणाले, म्हातारी दिसायची गाडी. मग अलॉयची सतरा इंची घेतली आणि स्प्रिंग कापून गाडी खाली बसवली. “फोटोत पाहिलेली, अगदी तश्शी. रस्त्याला चिकटलेली.”

“आणि टायरचं माप कुणी ठरवलं?”

“माप मला काय कळतंय? काळे, गोल, देखणे. ते दुकानदारानं पाहिलं. मग निरीक्षक साहेबांनी तपासून कागद दिला. कागद आहे माझ्याकडे, हवा तर बघा.”

बाईंनी कागद पाहिला. तेरा फेब्रुवारी, बदल केलेल्या वाहनाचे योग्यता प्रमाणपत्र: ‘टायर २२५/४५ आर १७, भारांक ९१. प्रत्यक्ष तपासले.’ खाली जी सही होती तीच अपघाताच्या अहवालाखालीही होती. एकाच माणसाने गाडी पास केली होती आणि त्याच माणसाने ती का पडली हे ठरवले होते. परीक्षार्थ्यालाच परीक्षक नेमण्याची ही पद्धत बाईंना नवी नव्हती. फक्त शाळेत तिला कॉपी म्हणत.

“त्या दिवशी डिकीत काय होतं?”

मालक जरा सावरून बसले. “आमच्या यंत्राचे दोन रोलर. घासायला त्या बाजूच्या वर्कशॉपात जातात. आत्याची खेप असायचीच, मग वेगळा टेंपो कशाला?”

“वजन?”

“दोन्ही मिळून असेल पावणेतीनशे किलो. गाडी काही कुरकुरत नव्हती, मॅडम.”

“नाही,” बाई म्हणाल्या. “गाड्या कुरकुरत नाहीत. म्हाताऱ्या बायकाही तुमच्या घरात कुरकुरत नसाव्यात.”

४

निरीक्षकांच्या कार्यालयामागच्या आवारात ती गाडी चिखलात उभी होती. चालकाच्या वतीने तांत्रिक पाहणीसाठी बाईंना एक तास मिळाला होता. सोबत पहारेकरी होता. त्याला बोलायला कुणीतरी हवे होते आणि बाईंना ऐकायला.

वहीचा अर्थ बाईंपुरता उघडा होता. मोठी रिम घातली की रबराची भिंत तेवढीच उतरवायची असते, म्हणजे बाहेरचा घेर जागचा हलत नाही. गाडी आपले अंतर आणि वेग त्याच घेरावर मोजते. इथे भिंत नको तितकी उतरवलेली असणार. घेर सहा टक्के आटलेला असणार.

त्या गुडघ्यावर बसल्या. टायरच्या अंगावर ठसठशीत अक्षरांत लिहिलेले होते: २२५/४५ आर १७. रुंदी दोनशे पंचवीस मिलिमीटर, भिंतीची उंची तिच्या पंचेचाळीस टक्के, रिम सतरा इंच. बाईंनी फीत लावली, मग पुन्हा लावली. व्यास सहाशे चौतीस. मूळ सोळा इंची चाकाचा सहाशे बत्तीस. फरक दोन मिलिमीटर, म्हणजे नसल्यात जमा. याहून योग्य माप कुणी निवडले नसते. चारही चाकांवर तेच.

या टायरांवर पन्नास किलोमीटर पन्नासच भरले असते. मग वही खोटी होती आणि अहवाल खरा.

“झालं का बाई?” पहारेकऱ्याने विचारले. “ह्या गाडीला लईच पाहुणे.”

“आणखी कोण आलं होतं?”

“पाहुणे नाही म्हणायचं खरं तर. अपघातानंतरच्या रविवारी टेंपो आला. चाकं तपासायला न्यायची म्हणाले. दुपारी परत आणून लावली. मला चिठ्ठी दाखवली, मी फाटक उघडलं. आपल्याला काय, चिठ्ठी असली की बास.”

“चिठ्ठी कुणाची?”

“वाचता आली असती तर पहारेकरी झालो असतो का?”

बाई पुन्हा खाली बसल्या. प्रत्येक टायरच्या अंगावर एका लंबगोलात चार आकडे कोरलेले असतात: तो कितव्या आठवड्यात आणि कोणत्या वर्षी बनला. फुटलेल्या टायरवर चालू वर्ष होते, आणि आठवडा बाविसावा. मे महिन्याची अखेर.

तेरा फेब्रुवारीला बसवलेला, त्याच दिवशी ‘प्रत्यक्ष तपासलेला’ टायर तेव्हा जन्मलाही नव्हता.

५

टायर बदलले गेले होते, पण त्यांच्या जागी आधी कोणते होते हे सांगायला वहीखेरीज कुणी नव्हते. बाईंनी वहीलाच विचारले. पन्नासचे त्रेपन्न झाले, म्हणजे व्यास सहाशे बत्तीसचा सुमारे पाचशे शहाण्णव झाला. त्यातून सतरा इंच रिमचे चारशे बत्तीस वजा केले की एकशे चौसष्ट उरतात. वर ब्याऐंशी, खाली ब्याऐंशी. ब्याऐंशी म्हणजे दोनशे पाचचे चाळीस टक्के. ही भिंत जुळवणारी इतर मापे एक तर बाजारात मिळत नव्हती किंवा मालकांच्या रुंद रिमवर बसत नव्हती.

टायरचा दुकानदार हवा भरत होता. बाईंनी नमस्कार केला आणि म्हणाल्या, “तेरा फेब्रुवारीला तुम्ही दोनशे पाच, चाळीस, सतराचे चार टायर बसवलेत. भारांक चौऱ्याऐंशी, म्हणजे एका टायरला पाचशे किलो. गाडी बनवणाऱ्यानं एक्क्याण्णव मागितला होता, म्हणजे सहाशे पंधरा किलो. ते चार टायर आता कुठे आहेत?”

हवेचा आवाज थांबला.

“तुम्हाला कुणी सांगितलं?”

“ज्याच्यावर खापर फुटलंय त्यानं. वहीत लिहून ठेवलं होतं.”

दुकानदार मटकन टायरांच्या चवडीवर बसला. “बाई, मी आधी बरोबरच माप लावलं होतं. पंचेचाळीसचं. पण त्यांनी गाडी खाली बसवलेली. तिथंच रोलर ठेवून पाहिले, तर टायर वरच्या पत्र्याला घासला. म्हटलं, स्प्रिंग पहिल्यासारख्या करा. तर म्हणाले, गाडी उचलायची नाही, टायर बारीक कर. मी सांगितलं, हा टायर एवढा भार पेलायचा नाही. ते म्हणाले, तू दुकान चालव, कारखाना मी चालवतो.”

“आणि तुम्ही केला बारीक.”

“केला.” त्याने नजर वर केली नाही. “मी नसता केला तर पुढच्या दुकानात झाला असता. सगळे हेच म्हणतात, नाही का? मीपण म्हटलं.”

“आणि रविवारी जुने वापरलेले पंचेचाळीसचे लावून आलात. त्यातला एक स्वतः फाडलात.”

“फोन आला.”

“कुणाचा? मालकांचा, की साहेबांचा?”

तो उठला, मागच्या पडवीत गेला आणि एक टायर घरंगळत घेऊन आला. त्याची भिंत आतून काळवंडून चुरली होती. आठ महिने जादा भाराखाली वाकून वाकून शिजलेले रबर. “जाळून टाक म्हणाले होते. हात धजला नाही. टायर न्या, बाई. पण नाव विचारू नका. मला उद्याही इथंच दुकान उघडायचंय.”

६

गुरुवारी चालकाची ग्लानी उतरली. मुलीने बाईंची ओळख करून दिली तेव्हा त्याने उठण्याचा प्रयत्न केला आणि खुब्याने त्याला परत झोपवले.

“मामा, वळणावर किती होता वेग?”

“ऐंशीच्या आत, बाई. काटा चौऱ्याऐंशी दाखवत होता, पण तो काटा फेब्रुवारीपासून खोटं बोलायला लागलेला. पन्नास दगडांत त्रेपन्न मोजायचा. मी दगडांवरून धरायचो.”

“हे कुणाला सांगितलं होतंत?”

“मालकांना. म्हटलं, चाकं लहान बसलीत. ते म्हणाले, मामा, तुम्ही चालवा, मोजू नका.” तो छताकडे पाहत राहिला. “आत्याबाई मागून म्हणाल्या, आज गाडी डुगडुगते रे. मी म्हटलं, पुढच्या दगडापाशी थांबतो. तो दगड वळणापलीकडे होता.”

मुलीने त्याच्या अंगावरची चादर सारखी केली. ती आधीच सारखी होती.

त्या दुपारी बाईंनी दोन कागद शेजारी ठेवले आणि आवारातली आपली टिपणे मध्ये. मालकांवर संशय घेणे सोपे होते आणि समाधानकारकही. परंतु टायर बदलून मालकांचा काय फायदा? बारीक टायर सापडले असते तर त्यांनी हात झटकून दुकानदाराकडे बोट दाखवले असते; ती विद्या त्यांना अवगत होती. गाडीवर बरोबर माप सापडण्याची गरज एकाच माणसाला होती: ज्याने ते माप ‘प्रत्यक्ष तपासले’ असे लिहून दिले होते. जगात वस्तू पाहून कागद करतात. इथे कागद पाहून वस्तू केली होती.

हे तर्काने पटत होते. सुनावणीत तर्काला खुर्ची देत नाहीत. बाईंनी टिपणांतला शेवटचा आकडा पाहिला, मग अहवाल, मग प्रमाणपत्र. आणि कित्येक दिवसांत प्रथमच त्यांच्या चेहऱ्यावर जे आले, त्याला त्यांचे विद्यार्थी हसू म्हणत नसत.

७

शुक्रवारी सकाळी सुनावणीच्या खोलीत दोन टायर आणले तेव्हा अध्यक्षांनी टेबलावर वर्तमानपत्र अंथरायला लावले. निरीक्षक पांढऱ्या सदऱ्यात होते. बाहीच्या घडीवर भाजी चिरता आली असती.

“अहवालातला टायरचा तपशील,” बाईंनी विचारले, “आपण टायर वाचून लिहिलात?”

“अर्थात. पंधरा वर्षं हेच करतोय.”

“मग पुन्हा एकदा वाचा. हा आपल्याच आवारातला आहे. मापापुढचा भारांक.”

निरीक्षकांनी चष्मा लावला. “चौऱ्याण्णव.”

“अहवालात एक्क्याण्णव आहे.”

“लिहिण्यातली चूक. क्षुल्लक आहे.”

“क्षुल्लकच आहे. पण फेब्रुवारीच्या प्रमाणपत्रातही तीच आहे. आपल्या कार्यालयाच्या भिंतीवरच्या छापील तक्त्यात या मापापुढे एक्क्याण्णव असतं, साहेब. तक्ता दोन्ही वेळा वाचलात. टायर एकदाही नाही. दुसऱ्या वेळी तर तो तुम्ही स्वतः मागवलेला होता, तरीही नाही.”

बाईंनी त्यांना लंबगोलातले चार आकडे वाचायला लावले. बाविसावा आठवडा. मग त्यांनी दुसरा टायर पुढे सरकवला, दोनशे पाच चाळीस, आतून जळालेला, आणि वही उघडून हिशेब मांडला: या टायरवर यंत्राने दाखवलेले चौऱ्याऐंशी म्हणजे रस्त्यावरचे एकोणऐंशी. चालक मर्यादेच्या आत होता. लेकीच्या घरी तो कधीही गेला नव्हता. पहारेकऱ्याला बोलावले गेले. टेंपो कुणाचा ते त्याने सांगितले, आणि चिठ्ठी निरीक्षकांच्या लेटरहेडवरची होती हेही. अक्षर वाचता येत नसले तरी वरचे चित्र त्याला कार्यालयाच्या पाटीवर रोज दिसत होते.

चालकावरचा आरोप दुपारी मागे घेण्यात आला. पोलीस दारावरून उठला. खुबा काही कुणी मागे घेतला नाही. डॉक्टरांनी सांगितले की पायाने आता क्लच दबणार नाही. दुकानदारावर खटला झाला. मालकांना साक्षीदार म्हणून बोलावले, त्यांना चहा दिला आणि ते नव्या गाडीतून परत गेले. मुलीने वही परत मागितली तेव्हा तिला सांगण्यात आले की ती आता सरकारी पुरावा आहे.

निरीक्षकांचा जबाब संध्याकाळी नोंदवला गेला. बाईंनी त्याची नक्कल मागून घेतली. तो असा:

“तेरा फेब्रुवारीला माझ्याकडे एकवीस गाड्या होत्या. आवार ओले होते. टायरवरचा मजकूर वाचायचा तर गुडघे टेकावे लागतात. मी टेकले नाहीत. तक्त्यात जे असायला हवे ते लिहिले. सर्वजण तसेच लिहितात आणि सहसा ते बरोबर निघते. अपघातानंतर मी गाडी पाहिली तेव्हा उभ्यानेच दिसले की टायर वेगळे, बारीक आहेत. ते तसेच ठेवले असते तर माझे प्रमाणपत्र खोटे ठरले असते, म्हणून मी दुकानदारास फोन करून ते प्रमाणपत्राप्रमाणे करून घेतले. चालकाविषयी माझ्या मनात आकस नव्हता. मी त्याला ओळखतही नाही. अहवालाच्या छापील नमुन्यात ‘चालकाचे नाव’ असा रकाना आहे. तपासणाऱ्याच्या नावाला फक्त सहीची जागा आहे. मी रकाने भरले.”